डोळ्यावरचं गंध

काशिनाथ आमच्या आळीतला. विट्याच्या पलीकडं, माळावरच्या आमच्या गावातनं जी पोरं गलाईच्या धंद्यापायी मुलखात पांगली, त्यातला एक. गलाई म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करायचं काम. चौदाव्या वर्षी तो चुलत्याच्या मागनं मद्रासला गेला. तेव्हा त्या शहराला चेन्नई म्हणत नव्हते. जॉर्ज टाउनमधल्या एका बोळात, दोन माणसं आडवी झाली तर तिसऱ्यानं उभं राहून रात्र काढावी एवढी खोली. भट्टी तिथंच, चूल तिथंच. खिडकी कायम बंद, कारण वाऱ्याची झुळूक आली तर सोन्याची धूळ उडून जाते. तेजाबाचा पिवळा धूर मात्र जायला वाट नसायची. तो तिथंच घुटमळायचा आणि मग माणसाच्या छातीत जाऊन बसायचा.

सोळा वर्षं त्यानं त्या अंधारात काढली. चुलता तोंडानं फटकळ, पण धंद्याला चोख. त्यानं पुतण्याला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या. एक, माल बघताना डोळ्यावर भरवसा टाकायचा नाही, काट्यावर टाकायचा. दुसरी खंडेनवमीची. त्या दिवशी भट्टी, चिमटे, मूस, काटा सगळ्यांची पूजा व्हायची. चुलता काट्याच्या दांडीला मधोमध गंध लावायचा, पारड्याला कधी लावू द्यायचा नाही. पारड्याला गंध चिकटलं की माप खोटं बोलतं, असं सांगून त्यानं एकदा काशिनाथच्या हातावर चिमटा हाणला होता. ही गोष्ट काशिनाथला माहीत होती. म्हणून तर पुढं जे झालं त्यात त्याला स्वतःला सोडवून घ्यायला जागा उरली नाही.

तिशी गाठली तोवर खोकल्यानं त्याचा खुळखुळा केला होता. डॉक्टर म्हणाला, गावाकडं जा नाहीतर मोकळ्या हवेत काम बघ. गावात माळ होता आणि दगड होते. एका सराफाच्या ओळखीनं त्याला शहराबाहेर, पूनमल्लीच्या पुढं, श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्याला लागून असलेल्या एका फुलांच्या शेडवर काम मिळालं. शेडसमोरनं सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या बसेस धुरळा उडवत जायच्या. आत मात्र ओल, सावली आणि अँथुरियमच्या रांगाच रांगा. अँथुरियम म्हणजे पान लाखेत बुडवून काढावं तसं तांबडंलाल फूल, मधे पिवळी शेंडी. ही फुलं शहरात, एग्मोरच्या हॉटेलांत जायची. गावाकडं त्यानं पहिल्यांदा फोटो दाखवला तेव्हा त्याची आई म्हणाली होती, हे प्लास्टिकचं हाय, तुला फसवलंय कुणीतरी.

शेडची मालकीण विजयालक्ष्मी. सगळे तिला अम्मा म्हणायचे. बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, आणि शिकवायची खोड काही गेलेली नव्हती. खत, पाणी, रोग हे सगळं ती दुय्यम मानायची. तिचा खरा जीव उजेडात. झाड उजेड खातं, असं ती सांगायची. गुराला जसा दिवसाचा चारा ठरलेला, तसा झाडाला दिवसाचा उजेड ठरलेला. कमी पडला तर फूल धरत नाही, जास्त झाला तर पान भाजून निघतं. एका वेळचा घास बघायचा नाही, दिवसभरात पोटात किती गेला ते बघायचं. काशिनाथला हे एका झटक्यात कळलं. बैलाच्या वैरणीचा हिशोब ज्याच्या घरात झाला, त्याला ते कळायला पुस्तक लागत नाही.

म्हणून शेडला दोन जाळ्या होत्या. वरची काळी जाळी कायमची ताणलेली. ती उन्हाचे चारातले तीन वाटे वरच्या वर अडवायची. तिच्याखाली दुसरी, तारेवर सरकणारी. दोरी ओढली की पसरायची, सोडली की गोळा व्हायची. उजेडाचा आकडा वीस हजारांच्या वर गेला की जाळी ओढायची, खाली राहिला तर मोकळी ठेवायची. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला उजेड मोजायचा, वहीत मांडायचा आणि संध्याकाळी त्या तीन आकड्यांवरनं दिवसाची बेरीज काढायची. दोन दिवस ढगाळ जाऊन झाडं अर्धपोटी राहिली, तर तिसऱ्या दिवशी जाळी जरा जास्त वेळ मोकळी ठेवून ती तूट भरून काढायची.

मोजायचं यंत्र म्हणजे लक्समीटर. वीतभर पिवळा डबा, त्याला गुंडाळीची वायर, आणि वायरच्या टोकाला एक चकती. चकतीवर अर्ध्या सुपारीएवढा पांढराशुभ्र घुमट. तो घुमट म्हणजे यंत्राचा डोळा. तो आभाळाकडं करून धरला की डब्यावर आकडे नाचायचे आणि मग स्थिर व्हायचे. अम्मांनी ते काशिनाथच्या हातात दिलं, कारण शेडवर आकडा कुरवाळणारा माणूस तोच. सोळा वर्षं गुंजेगुंजेला जागलेला. काशिनाथ त्या यंत्राला लेकरासारखा जपायचा. जत्रेला गावी आला की पारावर मोठ्या ऐटीत सांगायचा, मी तिकडं उजेड मोजतो. पारावरची माणसं खदखदायची. एकानं विचारलं होतं, "मोजून झाल्यावर पायलीत भरतोस का कणगीत?" काशिनाथला राग यायचा नाही. भट्टीपुढं खोकणारा गडी हातात यंत्र धरून मालकिणीसमोर उभा राहतो, ही पारावरच्यांना कळायची गोष्ट नव्हती.

आता राजसबाईचं सांगतो, कारण गोष्ट तिची आहे.

राजसबाई तंजावरकडची. तिचे पूर्वज कधीकाळी आपल्याकडनं तिकडं गेले आणि तिकडचेच झाले. पन्नाशीची, काटक, नाकात दोन्ही बाजूंनी चमक्या. खत कालवणं, फवारणी आणि जाळीची दोरी हे तिचं काम. तिची मराठी ऐकली की वाटायचं, पोथीतलं पान चालत-बोलत आलंय, आणि मधेच तमिळ शब्द खड्यासारखा दाताखाली यायचा. काशिनाथला शेडवर आपल्या भाषेत बोलायला दुसरं कुणी नव्हतं. तो तिला आक्का म्हणायचा. ती त्याच्या बोलण्याला हसायची, हा तिच्या बोलण्याला. दुपारी डबे एकत्र सोडायचे. ती त्याच्या पिठल्याला नाव ठेवायची आणि तरी निम्मं संपवायची.

राजसबाईची एक ख्याती होती. तिकडं कैरासी म्हणतात. कैरासी म्हणजे हाताचा गुण. तिनं लावलेलं झाड मरत नाही, असा बोलबाला. पूनमल्लीत तिच्या गल्लीत कुणी शेवग्याची फांदी रोवायची असली, कढीपत्त्याचं रोप लावायचं असलं, तर राजसबाईला बोलावणं यायचं. नव्या घराच्या अंगणात पहिली केळ तिनं लावायची. लेकीबाळीला दिवस गेले तरी पहिलं तेल तिच्या हातानं. बाईकडं दुसरं काही नव्हतं. नवरा मागंच गेलेला, एक लेक नांदायला. हात एवढा होता, आणि त्या हाताला मान होता.

दोन हजार तीन सालची गोष्ट. आपल्याकडं खंडेनवमी, तिकडं त्याच दिवशी आयुधपूजा. तिकडं तिचं प्रस्थ मोठं. रिक्षा, शिलाईमशीन, रुग्णवाहिकेपासून इडलीच्या भांड्यापातूर सगळ्याला गंधकुंकू. शेड झाडून काढली, फवारणीचे पंप धुतले, कात्र्या घासल्या. अम्मा त्या वर्षी लेकीकडं गेल्या होत्या, दोन आठवड्यांसाठी. पूजेचा मान त्यामुळं काशिनाथकडं आला. त्यानं कैच्या, पंप, दोरीची कप्पी, सगळ्याला ओल्या चंदनाचं बोट आणि वर कुंकू लावलं. शेवटी लक्समीटर पाटावर ठेवलं. त्याला कुठं लावावं? डबा पिवळा, त्यावर गंध उठून दिसेना. पांढरा घुमट कपाळासारखा समोर होता. त्यानं बोटभर चंदन त्या घुमटावर थापलं, आणि वर ठसठशीत कुंकू.

राजसबाई मागं चुरमुरे-फुटाणे वाटत होती. ती वाकून बघत म्हणाली, "डोळ्यासच गंध लाविलेंस. आतां त्यास दिसावें कसें?"

तिनं तेच तमिळमध्ये सांगितलं तशा शेडवरच्या सगळ्या बाया हसल्या. काशिनाथही हसला. पूजेला लावलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही, म्हणून मीटर तसंच पाटावर राहिलं. चंदन वाळून कडक झालं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं ते नखानं खरवडलं आणि ओल्या फडक्यानं पुसलं. घुमट किंचित गुलाबी राहिला. कुंकू हलकं, बाजारातलं, रंग सोडणारं. काशिनाथला वाटलं, देवाचा रंग आहे, राहू दे. काट्याच्या पारड्याला गंध नको हे तो जाणत होता. पण सोन्याला वजन असतं, म्हणून गंधाचं वजन त्यात मिसळतं. उजेडाला कुठं वजन आहे, असा त्याचा विचार. विचार तरी काय, त्यानं विचार केलाच नाही. तो डाग त्याला चांगला दिसत होता, एवढंच.

त्या दिवशी बाराला आकडा आला सतरा हजार. आदल्या आठवड्यात चोवीस-पंचवीस यायचा. ऑक्टोबर लागलेला, तिकडचा पाऊस याच सुमाराला येतो, आभाळात ढगाचे पुंजके होतेच. काशिनाथला वाटलं, ऊन कमी झालं. त्यानं जाळी मोकळी ठेवायला सांगितली. संध्याकाळी बेरीज काढली तर दिवस अर्धपोटी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं तूट भरून काढायला लागू म्हटलं, आणि सकाळपासनंच जाळी गोळा करून ठेवली. झाडाच्या काळजीनं केलं. ही गोष्ट तो आजही सांगताना थांबतो.

पाचव्या का सहाव्या दिवशी दुपारी राजसबाई दोरी हातात धरून त्याच्याकडं आली. म्हणाली, "वेय्यिल फार पडायलें. माझी पाठ भाजायली. जाळी ओढूं का?"

वेय्यिल म्हणजे ऊन. काशिनाथनं मीटर तिच्यापुढं धरलं. "आक्का, सोळा हजार आठशे हाय. पाठीनं मोजायचं असतं तर अम्मांनी यंत्र कशाला आणलं असतं?"

 ती दोरी खुंटीला गुंडाळून गेली. पदर डोक्यावर ओढून घेतला होता तिनं, एवढं त्याला आठवतं.

आठवडाभरात पानं फिकी पडली. मग पिवळी. मग पानांच्या मधोमध अंगठ्याएवढे पांढरे डाग आले, कागद जळून कुरकुरीत व्हावा तसे. बाराशे झाडं होती जाळीखालच्या दोन वाफ्यांत. फुलांचा तांबडा रंग उडून विटकरी झाला. काशिनाथनं कीड असेल म्हणून पानं उलटसुलट केली, मुळं बघितली, पाणी बघितलं. उजेडाकडं त्याचं लक्ष गेलं नाही, कारण उजेड तर वहीत होता.

अम्मा सोमवारी परत आल्या. वाफ्यातनं एकदा गेल्या. वही काखेला मारून घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी अकराला दोघांना ऑफिसात बोलावलं.

मंगळवारी नवाला काशिनाथ नेहमीसारखा आकडा घ्यायला वाफ्यात गेला. कपाळावर घाम होता. मीटर धरून वाकला तसा घामाचा थेंब घुमटावर पडला. त्यानं अंगठ्यानं तो पुसला. अंगठ्याला गुलाबी रंग लागला, आणि डब्यावरचा आकडा उडी मारून वर गेला. काशिनाथ बघत राहिला. मग त्यानं औषधपेटीतलं स्पिरिट आणलं, कापसावर घेतलं आणि घुमट घासला. कापूस लाल झाला. घुमट पुन्हा पांढराशुभ्र. बारा हजारांवरनं आकडा अठरा हजारांवर गेला. त्याच जागेवर, त्याच मिनिटाला, आभाळात ढग नसताना.

म्हणजे एवढे दिवस तीन वाट्यांतला एक वाटा त्या डागानं खाल्ला होता. बाराला जिथं सतरा लिहिलं तिथं पंचवीस होतं. झाडं उपाशी नव्हती, त्यांना तो कोंबून कोंबून भरवत होता. चुलत्याचा चिमटा त्याला हातावर पुन्हा लागल्यासारखा वाटला.

लांब, वाफ्याच्या टोकाला, राजसबाई पिंपात पाणी भरत होती. तिचं लक्ष नव्हतं. काशिनाथनं लाल कापूस खतात पुरला.

अकराला ऑफिसात अम्मा शांत होत्या. त्यांनी वही उघडली होती आणि पेन्सिलीनं सगळ्या बेरजा तपासल्या होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पान असं दोनच गोष्टींनी जळतं. एक उजेडानं, दुसरं खत तिखट झाल्यानं. उजेडाचे आकडे ठीकठाक आहेत, उलट कमीच आहेत. मग उरलं काय. त्यांनी काशिनाथकडं बघून तमिळमध्ये विचारलं, मीटर बरोबर आहे ना?

हाच तो क्षण. पुढं कितीतरी वेळा त्यानं मनात या प्रश्नाचं दुसरं उत्तर दिलं. त्या दिवशी मात्र त्याच्या डोळ्यांपुढं जॉर्ज टाउनची ती बंद खिडकी आली. मीटर हातातनं गेलं की त्याला दुसरं काही काम येत नव्हतं. परत भट्टी, परत धूर. छातीत आत्ताच तो जुना खोकला खाजवायला लागला.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

मग अम्मांनी राजसबाईला विचारलं, पिंपाला किती टोपणं खत घालतेस? ती म्हणाली, दोन. नेहमी दोनच. अम्मांनी विचारलं, एखाद्या दिवशी हात चुकला असेल? राजसबाई खोटं बोलणारी बाई नव्हती, आणि खरं बोलणाऱ्या माणसाला छातीठोक बोलायची सवय नसते. ती म्हणाली, "चुकला असेल तर मला ठाऊक नाहीं."

एवढ्यावर ते संपलं. अम्मा दुष्ट नव्हत्या. तिला कामावरनं काढताना महिन्याचा पूर्ण पगार दिला, रागावल्या नाहीत. राजसबाईनं आपला डबा घेतला, कप्पीची दोरी नीट गुंडाळून ठेवली आणि जाताना काशिनाथकडं बघितलं. त्या बघण्यात संशय असता तर बरं झालं असतं. तिनं विचारलं फक्त, "माझ्याच हातें जाहलें काय रे काशिनाथ?" तो म्हणाला, "मला काय म्हाईत, आक्का."

यंत्र आता खरं बोलत होतं. जाळी वेळेवर ओढली जाऊ लागली. महिना-दीड महिन्यात झाडांनी नवी पानं काढली, हिरवीगार. बायका म्हणाल्या, बघा, ती गेली आणि झाडं उठली. पूनमल्ली काही लांब नाही. शेडवरच्या दोन बाया तिच्याच गल्लीतल्या. आठ दिवसांत गल्लीला कळलं की राजसबाईच्या हातानं बाराशे झाडं जाळली. कैरासी जशी तोंडातोंडी वाढते, तशीच जाते.

काशिनाथनं काय केलं? काही नाही. मोजायला लागला. तीनदाच्या जागी चारदा, मग पाचदा. दर वेळी मोजण्याआधी मऊ फडक्यानं डोळा पुसायचा. पुढच्या आयुधपूजेला त्यानं मीटर कपाटात कुलपात ठेवलं. यंत्र नाजूक आहे, असं बायांना सांगितलं. अम्मा त्याच्यावर खूश. त्याच्या वहीवरनं दुसऱ्या शेडवाल्यांना दाखले द्यायच्या. दाखला दिला की काशिनाथ त्या दिवशी जेवायचा नाही. एकदा त्यानं पूनमल्लीच्या बसमध्ये राजसबाईला लांबनं बघितलं आणि पुढच्या थांब्याला उतरून घरापातूर चालत गेला.

अशी चार वर्षं गेली. दोन हजार सातला तुळजा नावाची नवी बाई शेडवर लागली. हीही तंजावरकडची, तोंडाळ, हसरी, हिशोबाला पक्की. एक दिवस डबा खाताना ती सांगायला लागली की आमच्या गल्लीत एक म्हातारी आहे, विचित्र. इडलीचं पीठ वाटून विकते. दारात तुळस आहे, पण तुळशीला हात लावत नाही. नळाचं पाणी पाइपानं कुंडीत सोडते आणि लांब उभी राहते. कढीपत्त्याचं पानसुद्धा स्वतः तोडत नाही, पोरांना तोडायला लावते. म्हणते, माझा हात वाईट.

काशिनाथनं हातातला घास डब्यात परत ठेवला.

त्या संध्याकाळी त्यानं बायकोला, गोदाला, सगळं सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा. गोदा आमच्याच गावची, शब्दाला धार असलेली. ती चुलीवरनं भाकरी उतरवत ऐकत राहिली. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मग मला कशापायी सांगतायसा? मी काय ती हाय? आणि चार वर्सं माझ्या हातचं खाल्लं की तुमी. तोंडानं खाल्लं आणि तोंड गप ठेवलं."

दुसऱ्या दिवशी येरवाळी, दिवस उगवताच, तो अम्मांकडं गेला. त्यानं जुनी वही मागून घेतली होती. त्या दिवसांच्या प्रत्येक आकड्यापुढं लाल पेननं खरा आकडा मांडला होता, दीडपट करून, आणि बेरजा नव्यानं काढल्या होत्या. अम्मांनी चष्मा लावला, ओळ न् ओळ वाचली. मधे एक गुणाकार त्याचा चुकला होता, तो त्यांनी दुरुस्त केला. मग चष्मा काढून ठेवला.

"हे आकडे मला त्या मंगळवारी हवे होते," त्या म्हणाल्या. मग वही मिटून म्हणाल्या, "माझी झाडं सुधारली. माझ्याकडं कबूल करून काय करतोस?"

त्यांनी त्याला काढलं नाही. मीटर मात्र टेबलावर ठेवायला सांगितलं. त्या दिवसापासनं मोजणं तुळजाकडं गेलं आणि जाळीची दोरी काशिनाथकडं आली. राजसबाईला त्यांनी तुळजाकडनं निरोप धाडला, परत ये म्हणून. ती आली नाही. रविवारी अम्मांनी काशिनाथला मीटर एका दिवसापुरतं नेऊ दिलं. का हवंय, ते विचारलं नाही.

पूनमल्लीच्या गल्लीत तो दुपारी पोचला. नळावर आठ-दहा बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. राजसबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. खंगली होती. रंगाच्या रिकाम्या डब्यात तुळस, आणि तिच्या बुडाशी निळा पाइप. काशिनाथनं नमस्कार केला. ती उठली नाही, पण बस म्हणाली. तो बसला नाही. त्यानं बायांना हाक मारली, तमिळमध्ये, मोठ्यानं, आणि सांगायला लागला.  बाया आधी हसल्या, त्यांना वाटलं काही विकायला आलाय.

त्यानं मीटर छपराच्या कडेच्या सावलीत धरलं. तीस हजार. सगळ्यांनी बघितलं. मग खिशातनं चंदनाची पुडी काढली, नळाच्या पाण्यात बोट भिजवून चंदन घुमटावर लावलं, वर कुंकू टेकवलं. आकडा घसरला. त्यानं स्पिरिटनं पुसलं. आकडा वर. हे मी केलं, तो म्हणाला. खत बरोबर होतं. हिचा हात बरोबर होता. मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी गप बसलो.

एका बाईनं सरळ विचारलं, देवाच्या नावानं यंत्राचा डोळा फोडलास आणि बिल हिच्या नावावर? दुसरी काहीबाही बोलली, ते लिहिण्याजोगं नाही. एक म्हातारी पुढं येऊन राजसबाईला म्हणाली, शुक्रवारी माझ्याकडं शेवगा रोवायचा आहे, ये. राजसबाईनं तिच्याकडं बघितलंच नाही. ती यंत्राकडं बघत होती.

"पुन्हां दाखव," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा केलं. चंदन, कुंकू, आकडा खाली. पुसलं, आकडा वर.

"पुन्हां."

पाचव्यांदा तिनं हात पुढं केला. तिनं स्वतःच्या बोटानं चंदन घेतलं आणि घुमटाला लावलं. आकडा घसरला, त्याच्या बोटानं घसरला होता तेवढाच. मग पदराच्या टोकानं तिनं तो डोळा सावकाश पुसला, खालनं वर, जसं लेकराचं तोंड पुसावं. आकडा चढला. ती तो आकडा वाचू शकत नव्हती, पण डोळा पुसला की आकडे बदलतात एवढं तिला कळत होतं. बाया एकेक करून घागरी भरून निघून गेल्या.

"लेकीचें पहिलें बाळंतपण जाहलें मागल्या वर्षीं," राजसबाई म्हणाली. "या हातें तिच्या पोटास तेल लाविलें नाहीं मी. ती रडली. मी दारीं उभी राहिलें."

 काशिनाथला माफी मागायची होती. ती कशी मागायची ते बसमध्ये पाठ करून आला होता. तिथं ती खिशातल्या पुडीएवढीही वाटेना.

"जा आतां," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "ऊन कलंडलें. पुढची बस भरून येईल."

तो निघाला. गल्लीच्या तोंडाशी त्याला वाटलं, मागं वळून बघावं, पाइप काढला का ते. वळला नाही.

आता तो जाळी ओढतो. तुळजा आकडा सांगते, हा दोरी धरतो. कधी दुपारी पाठ भाजली की तो सांगतो, पाठ भाजतीय. तुळजा हसते, मीटरचा डोळा पुसते आणि परत मोजते. गेल्या जत्रेला तो आला होता. पारावर कुणीतरी जुनी थट्टा काढली, उजेड किती पायली झाला म्हणून. तो म्हणाला, आता मी मोजत नाही. मग रात्री माझ्या ओसरीवर बसून त्यानं हे सगळं सांगितलं, आणि लिही म्हणाला.

मी विचारलं, मग त्या तुळशीचं काय झालं? पाणी कसं घालते ती आता?

तुळजा त्याच गल्लीत राहते. रोज त्याच्या शेजारी बसून डबा खाते. विचारलं तर ती लगेच सांगेल. काशिनाथनं अजून विचारलेलं नाही.